बंद केल्यावर होणारा आवाज

६ जानेवारी

भाऊजी,

नमस्कार. फोन करकरून बोट दुखलं, तुम्ही उचलत नाही. शेवटी कागद घेतला. तुमचे दादा जाऊन वर्ष होत आलं आणि सख्ख्या दिराशी बोलायला मला पोस्टाची पेटी गाठावी लागते, याला काय म्हणावं? रागावला असाल तर सरळ सांगा. माणसाने खुशाल रागवावं, पण कशावर ते समोरच्याला कळू द्यावं.

काम असं आहे. वर्कशॉप मी चालू ठेवलंय, हे लेकीकडून तुम्हाला कळलं असेलच. पॉलिशवाली बाई करवतीपुढे उभी राहिली म्हणून गल्लीत पुष्कळ चर्चा झाली, ती आता शिळी झाली. स्टुलं, खुर्च्या, कपाटांची दारं, येईल ते करते. पण हे होते तेव्हा मी कायम काचेच्या दाराच्या अलीकडे, पॉलिशच्या खोलीत. भुसा उडून ओल्या पॉलिशवर बसतो म्हणून ते दार सदा बंद. त्यामुळे यंत्रं मला तोंडओळखीपुरती माहीत. त्यांच्या आवाजांशी माझा संबंध आला नाही. आता ती कुरकुरली की मी नुसती बघत राहते.

ड्रिल खरखरतं, मध्येच दम लागल्यासारखं थांबतं आणि जळका वास येतो. हे एक. दुसरी ती मोठी गोल करवत. चालू असताना शहाण्यासारखी चालते. बटण बंद केलं की आवाज करायला लागते. बंद केल्यावर! मी बटण पुन्हा पुन्हा बघितलं, बंदच होतं. मला वाटलं माझंच डोकं फिरलंय.

लेकीला हे फोनवर सांगून बसले आणि पायावर धोंडा पाडून घेतला. म्हणाली, "आई, ते मशीन माझ्यापेक्षा म्हातारं आहे. काहीतरी सुटून अंगावर उडेल. आवाज कसला ते कळत नसेल तर भंगारात दे आणि माझ्याकडे राहायला ये." सुट्टी लागली की ती येणार आणि भंगारवाल्याशी स्वतः बोलणार. करवत गेली की वर्कशॉप गेलं, आणि वर्कशॉप गेलं की मी तिच्या गॅलरीत बसून रस्त्यावरची माणसं मोजणार. मला ते नको आहे, भाऊजी. मला इथेच काम करायचंय.

घरात तुम्हाला कानसेन म्हणायचे ते काही उगाच नाही. ह्यांनाच किती कौतुक! "धाकटा यंत्राची नाडी कानाने बघतो," म्हणायचे. तेव्हा बघा आणि सांगा.

तुमची,
वहिनी

१५ जानेवारी

वहिनी,

नमस्कार. वाकून केलाय, कंबर वाकू देईल तितका.

रागावलो बिगावलो नाही. आमच्या फोनची लाईन बिघडली आहे. शिवाय हल्ली लोक फोनवर तोंडातल्या तोंडात बोलतात, समोरच्याला कळो न कळो. त्यापेक्षा पत्र बरं. कागदावर माणूस स्पष्ट बोलतो.

ड्रिलचं सोपं आहे. मोटारीच्या दोन्ही अंगांना दोन गोल झाकणं असतील, ती फिरवून काढा. आत स्प्रिंगवर बसवलेल्या कोळशाच्या चौकोनी वड्या असतात, त्यांना कार्बन ब्रश म्हणतात. त्या झिजून गेल्या असणार. नव्या घाला, ड्रिल पुन्हा तरुण होईल.

करवतीचं मात्र तुम्ही काहीच सांगितलं नाहीत. "आवाज करते" म्हणजे काय करते? पेशंट नुसतं "दुखतं" म्हणून घरी निघून गेला तर डॉक्टरने काय कपाळ बघायचं? अहो, खरखर, घरघर, किरकिर, गुरगुर, खडखड ही सगळी वेगवेगळी दुखणी आहेत. किरकिर म्हणजे तेल मागतंय. गुरगुर असेल तर बेअरिंग. खडखडलं तर काहीतरी ढिलं झालंय. नीट ऐका आणि जसाच्या तसा आवाज लिहून पाठवा. लाजू नका.

तसं चांगलं मुरलेलं यंत्र आवाज करतच नाही. माझ्या भिंतीवरचं घड्याळ घ्या. हल्ली अजिबात टिकटिकत नाही आणि वेळ बघाल तर बरोबर.

गुडघा ठणकतो, नाहीतर स्वतः येऊन ऐकलं असतं.

भाऊजी

२४ जानेवारी

भाऊजी,

ड्रिलची झाकणं काढली. वड्या कसल्या, नुसत्या टिकल्या उरल्या होत्या. नव्या घातल्या आणि ड्रिल असं सुटलं की फळीच्या पार दुसऱ्या बाजूने बाहेर आलं. मानलं तुम्हाला. पण टिकटिक न करणारं घड्याळ हा काय प्रकार, ते मला उमगलं नाही. असू दे.

आता करवत. वही घेऊन जवळ उभी राहिले, बटण बंद केलं आणि लिहिलं. आधी टर्रर्र. मग टकटकटकटक. मग टक, टक, टक. मग बराच वेळ काही नाही. आपण हुश्श म्हणून पाठ फिरवावी तेवढ्यात एक शेवटचा टक. तुमच्या यादीतलं यात काहीच बसत नाही. गल्लीतल्या लेथवाल्याला बोलावून ऐकवलं. तो डोकं खाजवून म्हणाला, "काकू, ऐकू तर येतंय, पण कळत नाही." त्यासाठी त्याची काय गरज होती?

ह्यांच्या वेळीही असं व्हायचं का, हे मला माहीत नाही. विचारायचं कुणाला? आणि हे असते तरी सांगितलं असतं असं कुठे आहे? तुम्ही घरचे म्हणून लिहिते. शेवटची काही वर्षं आमचं बोलणंच तुटलं होतं. मी हाक मारायची, हे वळायचेच नाहीत. काही विचारलं की "हं". जेवायचं का, हं. बिल कुणी दिलं, हं. आधी मी भांडले, मग चिडून गप्प बसले, आणि शेवटी गप्प बसायचीच सवय झाली. लोक म्हणायचे, काय समजूतदार जोडपं, कधी आवाज म्हणून नाही. माझं काय चुकलं हे शोधत मी रात्री जागून काढल्या. ते मला कळलं नाही ते नाहीच.

हे सगळं करवतीच्या पत्रात कशाला आलं कोण जाणे. तुम्ही टकटकीचं बघा.

वहिनी

४ फेब्रुवारी

वहिनी,

पट्टा. मोटारीकडून पात्याकडे जाणारा रबरी पट्टा. दादा गेल्यावर मशीन काही महिने बंद उभं होतं ना? ताणलेला पट्टा एका जागी राहिला की त्याला कुबड येतं. ते कुबड पुलीच्या चाकावर आलं की टक. पट्टा बदला, काम फत्ते.

दादाचं मनावर घेऊ नका. तो लहानपणापासून घुम्या. आमच्या घरात बोलायची जबाबदारी माझ्याकडे आणि ऐकायचीही माझ्याकडे.

तुमचं पत्र मला दोनदा वाचावं लागलं. तुमचं अक्षर चांगलं आहे, तो प्रश्न नाही.

भाऊजी

१७ फेब्रुवारी

भाऊजी,

पट्टा बदलला. टक टक चालू आहे.

पण आज मी त्यासाठी लिहीत नाहीये. माझा गोंधळ झालाय आणि तो तुम्ही केलाय. परवा तुम्ही एकदाचा फोन उचललात. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, चला, लाईन सुधारली, आता मशीनचा आवाज थेट कानसेनच्या कानात घालू. फोन घेऊन करवतीजवळ गेले, बटण दाबलं तर वीज गेलेली. मी म्हणत होते, "भाऊजी, वीज नाहीये, मागाहून करते." तर तुम्ही म्हणालात, "हं. ऐकलं. बेअरिंग आहे." आणि फोन ठेवलात!

बेअरिंग कुठलं? पंखा बंद, करवत बंद, गल्लीसुद्धा गप्प होती. तुम्ही ऐकलंत तरी काय? चेष्टा करत होतात का माझी? का मला कटवायचं म्हणून काहीतरी ठोकून दिलंत? मग मनात आलं, हा माणूस खरंच एवढा पोचलेला असेल, की बंद मशीनसुद्धा याला ऐकू येत असेल. म्हणून लेथवाल्याकडून बेअरिंगं काढून घेतली. आणि काय सांगू, दोन्ही खरोखर कामातून गेलेली! हातात धरून फिरवली तर वाळू भरल्यासारखी. नवी घातली. करवत आता लोण्यासारखी फिरते, बंद केल्यावरही कितीतरी वेळ फिरत राहते.

आणि टक टक चालूच आहे.

आता तुम्हीच सांगा, मी तुमच्यावर विश्वास ठेवू की नको?

वहिनी

२६ फेब्रुवारी

वहिनी,

बेअरिंग गेलं होतं ना? झालं तर मग. वैद्याने नाडी कशी बघितली हे विचारू नये, ताप उतरला का ते बघावं.

ताप उतरला नाही, हे मात्र खरं. मीही चक्रावलोय. पट्टा नवा, बेअरिंग नवं, ते बसवताना पुलीही घट्ट केली असणार. वाजायला शिल्लक राहिलं काय? चालू असताना नाही, बंद केल्यावर, आणि हळूहळू विरळ होत जाणारं. बायकोशिवाय कुणी असं बोललेलं मी ऐकलं नाही, आणि ती बिचारी जाऊनही बरीच वर्षं झाली. मशीनने काय म्हणून असं करावं?

आता एक करा. भिंतीतला प्लग उपटा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही, प्लगच उपटा. टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरा आणि पातं हाताने सावकाश फिरवा. पुली फिरताना काही कशाला लागतंय का बघा.

फोन करू नका. लाईन पुन्हा बिघडलीय.

भाऊजी

७ मार्च

भाऊजी,

शिरले. या वयात करवतीखाली उताणं पडायचं म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही. बाहेर यायला लेथवाल्याला हाक मारावी लागली. केसांत अजून भुसा आहे. पण सापडलं!

टेबलाच्या लोखंडाला खालून एक पट्टी लावलेली आहे. बोटभर रुंदीची, पोलादी, लवणारी. एक टोक स्क्रूने आवळलेलं, दुसरं पुलीच्या कडेला टेकेल असं वळवलेलं. पुलीला एका जागी छोटा बोल्ट आहे, त्याचं डोकं दर फेऱ्याला पट्टीला लागतं. टक. मशीन चालू असलं की ते इतक्या भराभर लागत असणार की मोटारीच्या आवाजात बुडून जातं.

पण मला उलगडा होण्याऐवजी आणखीच गुंता झालाय. ही पट्टी चुकून अडकलेली नाही. तिच्या कडा कानशीने घासून गोल केल्यात, आणि टोकाला चामड्याचा तुकडा तांब्याच्या तारेने शिवलाय. ती तार मी ओळखते. असली शिवण हेच घालायचे, माझ्या पॉलिशच्या ब्रशाच्या मुठीला घातलेली आहे. धडधाकट मशीनला कुणी मुद्दाम आवाज का लावेल?

वहिनी

१४ मार्च

वहिनी,

शाब्बास. काढून टाका.

दादा कायम काहीबाही बांधून ठेवायचा. भुसा झाडायला लावली असेल, नाहीतर पुली डगमगत होती तेव्हाचा तात्पुरता उपाय असेल. आता पुली घट्ट आहे. मशीनला नको ते चिकटलेलं असलं की नको तो आवाज येतो, ही साधी गोष्ट आहे. काढा आणि पुतणीला कळवा की काकाने आवाज शोधला.

भाऊजी

२२ मार्च

भाऊजी,

काढली. बटण बंद केलं आणि काहीही नाही. एकदम चिडीचूप. लेकीला कळवलं, तीही खूश झाली. म्हणाली, मग राहू दे, बघू. तुमचे उपकार कसे फेडू? पट्टी खिळ्यांच्या डब्यात ठेवलीय, टाकवली नाही.

वहिनी

९ एप्रिल

भाऊजी,

अक्षर वेडंवाकडं येतंय, उजव्या हाताला पट्टी बांधलीय.

घाबरू नका. बोटं सगळी जागेवर आहेत. फळी कापून झाली, मी बटण बंद केलं, वळून फळी रचली, पुन्हा आले आणि टेबलावरचा भुसा हाताने झाडायला गेले. पातं फिरत होतं. नव्या बेअरिंगवर, कसलाही आवाज न करता. दात दिसत नव्हते, मला ते थांबलेलंच वाटलं. मधल्या बोटाचं नख अर्धं गेलं आणि खालचं थोडं मांस. केसाएवढ्या अंतराने बोट वाचलं, असं डॉक्टर म्हणाले.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की इतके महिने मी त्या टकटकीला शिव्या देत होते, पण शेवटचा टक झाल्याशिवाय हात कधी पुढे नेला नव्हता. मनाला सांगितलंही नव्हतं, हातालाच ठाऊक झालं होतं.

लेक ऐकायला तयार नाही. महिनाअखेर येतेय आणि भंगारवाल्याला तारीख दिलीय. या वेळी तिचं काय चुकलं? मी सांगू तरी काय?

मला तुमचा राग आलाय, भाऊजी. तुम्ही म्हणालात काढा, मी काढली. पण रागापेक्षा गोंधळ जास्त आहे. हात बांधून बसलं की डोकं चालतं. एक गोष्ट आठवली. मशीन बंद केल्यावर हे टेबलावर दोन्ही तळवे टेकून, मान खाली घालून उभे राहायचे. रोज, दर वेळी. काचेतून मला दिसायचं. मी समजायची, यंत्राला नमस्कार करतायत. मनात यायचं, लोखंडाशी एवढी माया आणि माझ्या हाकेला "हं". आता वाटतं, तो नमस्कार नसावा. मग काय होतं ते? कानाने ऐकायचा आवाज हाताने कोण ऐकतं?

तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा. नसेल तर "हं" म्हणू नका. तुम्हा दोघा भावांच्या "हं"चा मला वीट आलाय.

वहिनी

१८ एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र वाचलं आणि उठून खाली पंपापाशी गेलो. पाण्याचा पंप. तो चालू आहे की बंद, हे मी हल्ली त्याच्यावर तळवा ठेवून बघतो. तळवा ठेवला, मान खाली गेली, आणि तुम्ही काचेतून बघितलेला दादा मला दिसला. पंप कधी बंद केला आठवत नाही. मी पायरीवर बसून रडलो, वहिनी.

मला ऐकू येत नाही. दोन वर्षं होऊन गेली. सगळंच गेलं असं नाही. जाडे आवाज येतात, बारीक गेले. घड्याळ, दाराची घंटा, कुकरची शिट्टी, बायकांची बोलणी. समोर बसून कुणी बोललं तर ओठ बघून निभावतं. पाठ फिरली की संपलं. फोनची लाईन चांगली आहे. बिघडलोय मी. यंत्रदुरुस्तीचं दुकानही केव्हाच बंद केलंय. यंत्रांच्या डॉक्टरने कानात यंत्र घालून हिंडायचं कसं, म्हणून ते घेतलं नाही. आयुष्यभर कानसेन म्हणवून घेतलं, आता कुठल्या तोंडाने सांगू?

त्या दिवशी फोनवर मला काही म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. तुम्ही बोलताय की मशीन, हेही कळलं नाही. म्हातारं मशीन असलं की बहुतेक वेळा बेअरिंगच असतं, म्हणून बेअरिंग म्हणालो. अंधारात मारलेला दगड लागला आणि मी छाती फुगवली. नवं बेअरिंग घालायला लावून पात्याचा उरलासुरला आवाजही मीच घालवला, आणि मग ती पट्टी काढायला लावली. तुमच्या बोटाचं पाप माझं आहे.

आता दादाचं. करवत बंद झाली की पात्याची एक बारीक सूं राहते. कान शाबूत असलेला माणूस तिच्यावरून ओळखतो की अजून फिरतंय. जे आवाज आधी जातात त्यातला तो एक. दादाला तो ऐकू येईना झाला असणार. म्हणून त्याने पट्टी लावली, पोलाद टेबलाला आवळलं, आणि तळव्यांनी टक टक मोजत उभा राहिला. शेवटचा टक गेला की हात पुढे. एवढी वर्षं करवतीवर काढून त्याची दहाही बोटं शाबूत होती, ती त्या पट्टीमुळे. मी त्याचा सख्खा भाऊ, त्याच दुखण्याचा, आणि तुम्ही इतकं बारकाईने लिहूनही मला ओळखता आलं नाही. मला आवाज संपवायची घाई झाली होती.

तो तुमच्यावर रुसला नव्हता, वहिनी. तुम्ही बंद दारामागून, त्याच्या पाठीमागून हाक मारत होतात. "हं" हे ऐकू न आलेल्या माणसाचं उत्तर असतं. मी दिवसभर तेच देत असतो. समोरच्याने पुन्हा विचारू नये आणि आपली लाज राहावी, एवढाच त्याचा अर्थ. त्याने तुम्हाला का सांगितलं नाही हे मला ठाऊक नाही. पण कळलं असतं तर तुम्ही करवत बंद करायला लावली असती, असं त्याला वाटलं असेल. बघा ना, लेक तुमच्याशी आज तेच करतेय.

पट्टी परत लावा. प्लग उपटून, होती तिथेच, त्याच भोकात. चामडं बोल्टाच्या डोक्याला निसटतं लागेल एवढंच, जास्त दाबू नका. मग चालू करून बंद करा आणि तळवे टेका. शेवटचा टक हातात स्पष्ट आला पाहिजे. पुतणी यायच्या आत करा.

तुमचा,
बहिरा दीर

२ मे

भाऊजी,

तुमचं पत्र वाचल्यावर दोन दिवस मला काही सुचलं नाही. स्वयंपाकघरात जायची आणि कशाला आले ते विसरून परत यायची. किती गोष्टी उलट्या करून बघाव्या लागल्या! हे कायम दाराकडे तोंड करून का बसायचे. रेडिओ का बंद झाला. लेकीचा फोन आला की माझ्या हातात देऊन का निघून जायचे. मला वाटायचं, लेकीचंही प्रेम आटलं.

मग उठले आणि पट्टी लावली. डाव्या हाताने, लेथवाल्याला टॉर्च धरायला लावून.

लेक आली ती भंगारवाल्याला बरोबर घेऊनच. मी भांडले नाही. तिला करवतीपाशी उभं केलं, तिचे तळवे टेबलावर ठेवले, कानांत कापूस घातला आणि खुणेने सांगितलं, डोळे मीट, पातं थांबलं की मान हलव. चालू केलं, बंद केलं. पातं थांबलं आणि तिची मान हलली, अगदी त्याच क्षणी. मग तिला तुमचं पत्र वाचायला दिलं. वाचून तिने पत्राची घडी घातली. म्हणाली, "मला वाटायचं, मी लग्न करून लांब गेले म्हणून बाबा बोलत नाहीत." आम्ही दोघी तिथेच भुशात बसून रडलो. भंगारवाला बिचारा बावचळून गेला, त्याला जुनी बेअरिंगं देऊन वाटेला लावलं. करवत राहिली. लेकीने एकच अट घातलीय, पात्यावर जाळी बसवायची. बसवते.

मी ह्यांच्यावर फार चिडलेय, भाऊजी. मशीनला आवाज लावायचं सुचलं, मला सांगायचं सुचलं नाही? करवत बंद करायला लावली असती म्हणे! कशाला लावली असती? मी पॉलिश सोडून शेजारी येऊन उभी राहिले असते. त्यांच्या वाटचं ऐकलं असतं. एवढी वर्षं मधे एक दार होतं आणि मी त्याच्यामागून ओरडत होते, "ऐकू येत नाही का?" नव्हतंच येत. काल मशीन बंद करून तळवे टेकले आणि शेवटचा टक होईपर्यंत हे सगळं त्यांना सुनावलं.

तुमच्यावरचा राग गेलाय. बोट बरं होतंय, नख वाकडं येईल म्हणतात. आता ते गुडघ्याचं नाटक पुरे करा, कानात यंत्र बसवून घ्या आणि इकडे या. रंधा मशीन गुरगुरतंय. मला आवाज कळतो पण दुखणं कळत नाही, तुम्हाला दुखणं कळतं पण आवाज येत नाही. दोघं मिळून एक कानसेन होईल.

आलात की मागून हाक मारणार नाही. समोर येऊन बोलेन.

वहिनी